मृगदावातला प्रश्न

वाराणसीजवळचे सारनाथ म्हणजे प्राचीन मृगदाव. या वनाशी निगडित असलेल्या निग्रोधमृग जातकात ब्रह्मदत्त राजाच्या पाकशाळेसाठी रोज एका हरणाने पाळीने मरावे, असे ठरलेले असते. गाभण हरिणीची पाळी येताच मृगराजाने तिच्याऐवजी आपली मान ओंडक्यावर ठेवली आणि राजाने साऱ्याच हरणांना अभय दिले.

महाभारताच्या आदिपर्वातील पांडू मात्र मैथुनरत मृगांवर बाण सोडतो. मृगरूपातील किंदम ऋषी त्याला मृगयेबद्दल दोष देत नाहीत; मीलन संपेपर्यंत तो थांबला नाही, याबद्दल देतात. शिकाऱ्याचे गणित नेमके उलटे. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माज बहुतेक भागांत नोव्हेंबरात भरास येतो. मादीमागे धावणारा नर सावधपणा विसरून भर दिवसा उघड्यावर येतो. म्हणूनच ते दिवस शिकाऱ्याला मोलाचे वाटतात.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात काळविटाची शिकार निषिद्ध ठरली आणि ‘केव्हा मारावे’ हा प्रश्न कायद्यापुरता मिटला. किंदमांचा आक्षेप मात्र उरतो. सृजनाच्या ओढीने बेसावध झालेल्या जिवाला गाठणे, यास कौशल्य म्हणावे काय? पुढे पांडूला मृत्यूने गाठले, तेही माद्रीच्या मीलनाच्या क्षणी.