दोन आरसे

पन्नाशी उलटल्यावर मनुष्याने वैद्य बदलू नये, शिंपी बदलू नये आणि शक्यतो वर्तमानपत्रही बदलू नये, असे आमचे मत आहे. इतक्या वर्षांच्या सहवासाने वैद्यास आपल्या पोटाची, शिंप्यास आपल्या खांद्यांची आणि आपणांस त्या वर्तमानपत्राच्या मतांची सवय झालेली असते. आणि सवय ही उत्तरायुष्यात बुद्धीचे पुष्कळसे काम निमूटपणे करीत असते. असे असता गेले तीन महिने आम्ही स्वतःच एका मोठ्या बदलाच्या विचारात होतो. हा बदल पक्षाचा नव्हता की पंथाचा नव्हता; तो होता कॅमेऱ्याच्या घराण्याचा.

आमच्या स्नेह्यांस हा विषय क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याने लग्नात छायाचित्रे काढली आहेत, त्यास तो तसा वाटणार नाही. डोंगराचे चित्र आज बिघडले तर उद्या काढता येते. लग्नात अंतरपाट एकदाच दूर होतो. "प्रकाश जरा कमी पडला, शेवटचे मंगलाष्टक पुन्हा म्हणा," असे भटजींस सांगण्याची सोय कोणत्याही गृह्यसूत्रात नाही.

आम्ही धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. महाविद्यालयात आम्ही पदार्थविज्ञान शिकवितो. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या कुटुंबात जी कार्ये झाली, त्यांपैकी बहुतेक आमच्या कॅमेऱ्यातून गेली आहेत. पैसे देऊन बोलाविलेला छायाचित्रकार शालूंची आणि व्यासपीठाची चित्रे आमच्याहून शतपट चांगली काढतो. मात्र कोणती आत्या कोणत्या मावशीशी दहा वर्षांनी बोलत आहे, हे त्या बिचाऱ्यास ठाऊक नसते. ते आम्हांस ठाऊक असते. एवढ्याच भांडवलावर आमचा हा उद्योग चालत आला आहे.

या उद्योगाचे दुसरे भांडवल आमच्या थोरल्या वहिनींचे. १९९९ साली आमचे मन ८५ मिलिमीटरच्या एका भिंगावर बसले. माणसाचा चेहरा टिपण्यास ते फार गुणी. परंतु त्याची किंमत आमच्या त्या वेळच्या वेतनास झेपणारी नव्हती. त्याच महिन्यात वहिनींना भिशी लागली होती. "भाऊजी, मला तरी कुठे काय घ्यायचं होतं!" असे म्हणून त्यांनी ते पाकीट जसेच्या तसे आमच्या हाती ठेवले. आम्ही ती रक्कम हप्त्यांनी फेडली; पण भिंगाची गोष्ट निघाली की ते आपले भिंग आहे, असे त्या हक्काने सांगत. फिल्मचा कॅमेरा गेला, डिजिटल आला, तोही जुना होऊन २०१४ सालचा निकॉन डी-७५० आला. परंतु ते भिंग प्रत्येक नव्या कॅमेऱ्यावर बसत राहिले.

ते बसत राहिले याचे कारण समजल्याखेरीज आमची अडचण वाचकांच्या ध्यानी यावयाची नाही. कॅमेरा आणि भिंग यांची जोड म्हणजे एक सोयरीकच होय. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याच्या तोंडाचे कडे निराळे. एका घरचे भिंग दुसऱ्या घरी नांदत नाही. निकॉनने १९५९ साली जे कडे ठरविले, ते पुढे कित्येक दशके टिकविले. कॅननने मात्र १९८७ साली आपले जुने कडे सोडून नवे घेतले आणि तेव्हा पुष्कळांची भिंगे एका रात्रीत परकी झाली. आता सगळ्यांवरच तशी पाळी आली आहे. सोनीने २०१३ साली मोठ्या संवेदकाचा बिनआरशाचा कॅमेरा काढला. २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोघांनीही तीच वाट धरून नवी कडी बसविली.

जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात एक तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेले चित्र तो वर डोळ्याकडे पाठवितो. कळ दाबताच तो उचलला जातो आणि प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. त्या निमिषार्धात डोळ्यासमोर अंधार होतो. म्हणजे छायाचित्रकार जो क्षण टिपतो, नेमका तोच त्यास दिसत नाही! या आरशास हलावयास जागा हवी म्हणून निकॉनच्या जुन्या कड्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर ठेवावे लागले. आरसा गेल्यावर ते १६ मिलिमीटरांवर आले. जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसविण्यास मध्ये एक जोडकडे मिळते. ज्या भिंगांच्या पोटात स्वतःची मोटार आहे, ती त्यावर पूर्ववत चालतात. वहिनींच्या भिंगात मोटार नाही. त्यास आजवर कॅमेऱ्यातील मोटार फिरवीत असे. ती मोटार ना जोडकड्यात आहे, ना नव्या कॅमेऱ्यात. ते भिंग तेथे बसेल. परंतु त्याचा फोकस हातानेच जुळवावा लागेल.

इतके असूनही आम्ही घराणेच सोडावयास निघालो होतो, त्याचे कारण एक छायाचित्र. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न झाले. लग्न लागल्यावर सूनमुखाचा समारंभ झाला. वहिनींनी चांदीच्या कडेचा आरसा हातात धरला, शेजारी नव्या सुनेस घेतले आणि दोघींनी त्या आरशात पाहिले. वहिनी तेव्हा जशा हसल्या, तशा त्या फोटोसाठी कधीही हसत नसत. कॅमेरा दिसला की त्या शाळेतल्या मुलीप्रमाणे ताठ होत. आम्ही त्यांच्या खांद्यामागून कळ दाबली. रात्री संगणकावर पाहतो तो आरशाच्या कडेवरील नक्षीची पाकळीन् पाकळी स्पष्ट आणि आतील दोन्ही मुखे धुक्यात बुडालेली. पुढच्या आषाढात वहिनी गेल्या. तसे हसताना त्यांचे दुसरे चित्र आमच्यापाशी नाही.

तेव्हापासून आमच्या मनाने तो कॅमेरा टाकला. येत्या वैशाखात वहिनींच्या मुलीचे लग्न ठरले, आणि ती आम्हांस म्हणाली, "काका, त्यांनी फोटोग्राफर ठरवलाय, पण सूनमुखाचा फोटो तुम्हीच काढायचा." तिने यापुढे काही म्हटले नाही. आम्हीही विचारले नाही.

मग आम्ही एका दुसऱ्या घराण्याचा बिनआरशाचा कॅमेरा दोन दिवसांकरिता भाड्याने आणला आणि एका स्नेह्याच्या घरच्या लग्नात वापरून पाहिला. त्याचे गुण मान्य केलेच पाहिजेत. चित्र किती उजळ येणार हे कळ दाबण्यापूर्वीच दिसते. फोकसचे मोजमाप खुद्द संवेदकावरच होत असल्यामुळे जुन्या रचनेत होणारी सूक्ष्म तफावत राहत नाही. मनुष्याचा डोळा तो आपण होऊन हुडकतो आणि सोडीत नाही. शिवाय त्यास संपूर्ण मौन पाळता येते. कन्यादानाच्या वेळी आमच्या जुन्या कॅमेऱ्याचा खटका ऐकून भटजी जे पाहतात, ते आता पाहणार नाहीत. उणिवाही दिसल्या. मौनात घेतलेल्या चित्रांवर कार्यालयातील एलईडी दिव्यांमुळे आडवे पट्टे उमटले, आणि जुन्या कॅमेऱ्यास जेथे एक बॅटरी पुरे, तेथे यास तिसरी लागली.

घरी येऊन आम्ही सौभाग्यवतींस आरशापुढे बसविले आणि मागून कळ दाबली. त्याने आरशाच्या कडेकडे ढुंकूनही न पाहता आतील डोळा टिपला. आमचा निश्चय झाला. आता केवळ अपराध्यास शिक्षा सुनावणे उरले होते; म्हणून तुलनेसाठी त्या रात्री आम्ही ते जुने चित्र पुन्हा उघडले.

डिजिटल चित्राच्या पोटात त्याची जन्मपत्रिका असते. ती आम्ही दोन वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. फोकसचा बिंदू निवडण्याचे काम त्या वेळी कॅमेऱ्यावरच सोपविलेले होते, असे त्या पत्रिकेत स्वच्छ लिहिले होते. आम्ही तो बिंदू नेहमी स्वतः निवडतो. मग आठवले: आदल्या रात्री सीमांतपूजनाच्या वेळी बहिणीच्या नातवाने हट्ट केला म्हणून त्यास सोपे जावे अशी योजना करून कॅमेरा त्याच्या हाती दिला होता, आणि सकाळी ती बदलावयाची आम्ही विसरलो. कॅमेऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे जवळची, ठसठशीत वस्तू निवडली. बिंदू आम्ही मुखावर ठेवला असता, तर त्याच कॅमेऱ्याने ते मुख टिपले असते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. सपाट आरशातील प्रतिबिंब, वस्तू आरशासमोर जितकी दूर असेल तितकेच आरशाच्या मागे दिसते, हे आम्ही इतकी वर्षे फळ्यावर आकृती काढून सांगत आलो आहोत. आरसा आमच्यापासून सुमारे दोन मीटर होता आणि मुखे आरशापासून अर्धा मीटर. म्हणजे प्रतिबिंब अडीच मीटरांवर. ८५ मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र पूर्ण उघडले असता दोन मीटरांवर जेमतेम सहा सेंटिमीटरांची खोली स्पष्ट राहते. हे गणित आमच्या वर्गातील मध्यम विद्यार्थ्याने सोडविले असते. आरशातल्या माणसापर्यंत पोहोचावयाचे तर आरशापर्यंत पोहोचून भागत नाही, हे कॅमेऱ्यास ठाऊक नव्हते, आम्हांस होते.

घराणे बदलण्याचा आमचा हट्ट त्या रात्री ओसरला. त्या हट्टात सोय थोडी आणि सूड फार होता, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. दोष यंत्राचा ठरला असता, तर यंत्राबरोबर तोही विकून टाकता आला असता.

मग कोणास वाटेल की आम्ही जुनाच कॅमेरा ठेवला. तसे नाही. पश्चात्तापाने डोळे अधू झालेले पुन्हा तीक्ष्ण होत नाहीत, आणि आमचे झाले आहेत. जेथे यंत्र खरोखर अधिक जाणते, तेथे त्यास काम द्यावे. जेथे आपली चूक, तेथे आपण सुधारावे. हिशेब मांडता असे दिसले की सगळे घराणे बदलले, तर कॅमेऱ्यापेक्षा भिंगांचाच खर्च अधिक. आणि आमच्या गरजेची दोन मोटारीची भिंगे जोडकड्यावर उत्तम चालतात. तेव्हा त्याच घरचा बिनआरशाचा कॅमेरा घेतला. २०१८ सालच्या पहिल्या कॅमेऱ्यांत कार्डाची एकच जागा होती. लग्नात एक कार्ड दगा देऊ शकते, म्हणून दोन जागांचा पुढचा नमुना पाहिला. जुना डी-७५० विकला नाही. तो बहिणीच्या नातवास दिला आणि बिंदू कसा निवडावा हे प्रथम शिकविले.

राहिले वहिनींचे भिंग. सूनमुख त्यानेच टिपावयाचे ठरविले आहे, हातानेच फिरवून. सध्या रोज सायंकाळी सौभाग्यवतींस आरशापुढे बसवून आमचा अभ्यास चालतो. कडे फिरविता फिरविता आधी चौकट स्पष्ट होते, मग काचेवरील धूळ, मग काही क्षण काहीच नाही, आणि त्यानंतर मुख. ते मधले काहीच नसलेले अंतर न घाबरता ओलांडावे लागते. काल दहांपैकी सात चित्रे साधली. "अहो, वैशाखाला अजून दोन महिने आहेत, तोवर मला स्वयंपाकाला उठू द्याल ना?" असे आरशातूनच विचारण्यात आले. ते आठवे चित्रही बरे आले आहे.