फॉर्मॅट मारण्याआधी

धानाचा हंगाम लागला की गोंदियातल्या माझ्या टेबलावर राइस मिलच्या ऑफिसांतले सीपीयू यायला लागतात. झाकण काढलं की पंख्यावर, रॅमच्या खाचेत, सगळीकडे कोंड्याचा बारीक थर. आणणारा घाईत असतो. "भाऊ, विंडोज सुरूच नाही होऊन राहिली. फॉर्मॅट मारून द्या न."

मी लगेच फॉर्मॅट मारत नाही. त्या डिस्कवर टॅलीतला वर्षाचा हिशेब असतो, कुणाची किती पोती आली याच्या नोंदी असतात, घरच्या लग्नाचे फोटोही असतात. बॅकअप बहुधा नसतो. विंडोज उठत नाही म्हणजे मशीन मेली, असं नव्हे. विंडोजच्या आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो आणि डिस्क काढून ठेवली तरी तो चालतो. जुन्या मशिनींत बायोस, नव्यांत यूईएफआय. पहिली विचारपूस त्याच्याकडे करायची.

आत शिरायला पॉवर दिल्याबरोबर बटण दाबत राहावं लागतं. असेंबल केलेल्या पीसीला बहुधा डिलीट, डेलला एफ2, एचपीला एफ10. लेनोव्होच्या काही लॅपटॉपना कडेला छिद्र असतं, त्यात पिन टोचायची. फास्ट बूट चालू असेल तर कीबोर्ड जागा व्हायच्या आतच वेळ निघून जाते. विंडोज 10 आणि 11 मध्ये सुरू होणं लागोपाठ दोन-तीनदा अर्धवट तुटलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो आणि त्यातूनही यूईएफआयच्या सेटिंगपर्यंत पोचता येतं. पण हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर हा मार्ग मी कधीच घेत नाही. आजारी डिस्कला असे झटके देणं क्रूरपणाचं आहे.

आत गेल्यावर आधी तारीख बघतो. वर्ष मागे गेलेलं दिसलं की सीआर2032 हा 3 व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो. जुन्या बोर्डांवर सेलबरोबर सेटिंगही जातं. साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर किंवा रेडवर सरकला की विंडोज निळी पडते आणि डिस्क खराब झाल्याचा बोभाटा होतो. सेल बदलला, मोड जागेवर आणला की टॅली जशीच्या तशी उघडते. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की न बघता फॉर्मॅट मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग डिस्क. यादीत तिचं नाव आणि क्षमता नीट दिसत असेल तर आशा आहे. नाव नसेल तर केबल बदलून बघतो, पोर्ट बदलून बघतो. जीपीटी पद्धतीने मांडलेली डिस्क आणि कुणीतरी लेगसीवर टाकलेला बूट मोड, ही जोडीही विंडोजला उठू देत नाही. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घेतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. 'लोड डिफॉल्ट्स'ला हात लावत नाही. चालू असलेलंही त्याने बिघडू शकतं.

चिपमधला प्रोग्राम अपडेट करणं मात्र वेगळं काम. 26 एप्रिल 1999 ला सीआयएच व्हायरसने जगभरात अनेक मशिनींच्या चिपमधला मजकूरच बिघडवला. तेच नुकसान अपडेटच्या मध्येच वीज गेली तरी होऊ शकतं. पावसाळ्यात आमगाव-सालेकसाकडे विजा कडाडत असताना यूपीएसशिवाय मी ते करत नाही, गिऱ्हाईक कितीही तगादा लावो.

हल्ली आणखी एक अडचण आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. सिक्युअर बूट किंवा टीपीएमला हात लागला की पुढच्या वेळी मशीन 48 आकडी किल्ली मागू शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खातं लॅपटॉप विकणाऱ्या पोराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं. म्हणून नवा लॅपटॉप सुरू करून देताना गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर खातं उघडतो, किल्लीचा प्रिंट काढतो आणि बिलाला टाचून देतो. पासबुकाजवळ ठेवा, असंही सांगतो.