निरोपाचा हक्क

संत योसेफाला आपण ‘पालकपिता’ म्हणतो. दर १९ मार्चला त्याचा सण येतो आणि दुसऱ्याच्या लेकराला जीव लावण्याचे मोल आपण मनोमन मान्य करतो. अशा पालकत्वाला आजच्या कायद्यातही स्थान आहे, हे मात्र आपल्या धर्मग्रामातील फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ४४ व्या कलमानुसार, ज्या मुलाला आईबापांपाशी राहणे शक्य नाही त्याला बाल कल्याण समितीच्या आदेशाने परक्या, पण पारखून घेतलेल्या कुटुंबात ठेवता येते. यालाच प्रतिपालकत्व किंवा फॉस्टर केअर म्हणतात. हे दत्तक नव्हे. दत्तकात मूल कायमचे आपले होते. येथे ते बहुधा परत जाण्यासाठीच येते.

हे सारे जाणूनच आम्ही उभयतांनी जून २०२२ मध्ये नागपुरातील सदरच्या आमच्या घरी सात वर्षांची एक मुलगी आणली. तिचे नाव येथे देत नाही; अधिनियमाचे ७४ वे कलम ते देऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. पहिले काही आठवडे ती पोळी उशीखाली लपवून ठेवी. वर्षभरानंतर ती शेजारच्या मुलांना घरी बोलावून संत्री वाटू लागली. वीस महिने ती आमच्याकडे होती.

ती गेली, ही आमची तक्रार नाही. ती तिच्या सख्ख्या मामाकडे गेली. रक्ताची माणसे सांभाळायला पुढे आली, तर मुलाने तिकडेच जावे, असे आम्हीही मानतो. आमची तक्रार तिला ज्या रीतीने नेले, त्या रीतीविषयी आहे.

फेब्रुवारी २०२४ मधील एका सकाळी दहा वाजता दूरध्वनी आला की, एक वाजेपर्यंत मुलीला तयार ठेवा. ती शाळेत होती. वर्ग चालू असतानाच तिला घरी आणावे लागले. मामाला तिने तीन वर्षांत पाहिले नव्हते. रात्री व्हरांड्यातील दिवा चालू लागतो, थंडीत दम लागला तर कोणता पंप किती वेळा द्यायचा, हे आम्ही घाईघाईने एका कागदावर लिहिले. न्यायला आलेल्या कर्मचाऱ्याने तो न वाचता फाइलमध्ये ठेवला. “मावशी, मी काय केलं?” एवढेच तिने विचारले. गाडी निघाली. त्यानंतर ती कशी आहे, हे आम्ही दोनदा लेखी विचारले; उत्तर आले नाही.

प्रतिपालकांना लळा लागतो, म्हणून झटपट निरोप बरा, असे काहीजण सांगतात. आमच्या दुःखाचा विचार बाजूला ठेवू. आम्ही वयाने मोठे आहोत. पण लळा मुलालाही लागतो, आणि अचानक तुटलेल्या नात्याचा अर्थ ते ‘मीच वाईट’ असा लावते. मुलाचे म्हणणे ऐकले जावे, हे तत्त्व या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात आहे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमातही तेच आहे. आमच्या मुलीला कोणी काही विचारले नाही.

न्याय्य निर्णयही मुलाला किती जड जाऊ शकतो, याची आठवण २०२१ साली केरळमधील एका प्रकरणाने करून दिली. दत्तकपूर्व संगोपनासाठी आंध्र प्रदेशातील दांपत्याकडे दिलेले एक बाळ, डीएनए चाचणीनंतर, नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने जन्मदात्या आईच्या हाती दिले. आईचा हक्क निर्विवाद होता. त्या बाळाच्या वाट्याला मात्र तो दुसरा वियोग आला.

केंद्र सरकारने २०२४ साली प्रतिपालकत्वाची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. एकट्या व्यक्तीलाही आता हे पालकत्व घेता येते. दत्तकासाठी कायद्याने मोकळे झालेले मूल दोन वर्षांच्या सहवासानंतर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येते. पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. मूल घरात येण्याची वाट अशी सोपी झाली, हे चांगलेच झाले. घरातून जाण्याच्या वाटेचाही तेवढाच विचार व्हावा. नातेवाइकाने आधी दोन-तीनदा घरी यावे, मुलाने एखादी रात्र तिकडे राहून पाहावे, औषधे आणि सवयी समोरासमोर सांगितल्या जाव्यात, वर्गातील मैत्रिणींचा निरोप घेता यावा, आणि नंतर महिन्यातून एकदा बोलू द्यावे. याला पैसा फारसा लागत नाही. आठ-दहा दिवस लागतात.

आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. शेवटी ‘अन्य माहिती’साठी दोन ओळी मोकळ्या होत्या. तेथे लिहिले: मूल कोणत्याही वयाचे चालेल, ते परत जाईल तेव्हा त्याला निरोप घ्यायला आठ दिवस द्यावेत.