शेवटची पट्टी



नवी वस्तू घरात आली की तुम्ही आधी काय करता? खोक्यातला थर्माकोल कुरकुर वाजवता, प्लॅस्टिकचे फुगे टचाटच फोडता, हो ना? आमच्या शाळेतही अगदी तसंच झालं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन दिला. ६१ पट्ट्यांचा! ३६ पांढऱ्या आणि २५ काळ्या. पोरांनी त्या तीनतीनदा मोजल्या. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. सगळं केलं, पण एक गोष्ट राहिली. एकेक पट्टी दाबून पाहायचं कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मधल्या सप्तकातली पांढरी चार दाबली, ती खालीच बसली! सूर आपला वाजतोच आहे. बोटानं उचलली तेव्हा कुठे थांबला. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा कीबोर्ड वाजवत होता, ते मी पाहिलं होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. मी सगळ्या मुलांसमोर त्याला म्हणाले, "तूच आपटली असशील. चार दिवस तरी नीट राहू द्यायचं होतं!"

तो काहीच बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे यानंच केलं. मोठी माणसंही कधीकधी असा चुकीचा हिशेब करतात, बरं का!

त्यानंतर तो कीबोर्डकडे फिरकेना. त्याच्या वर्गातली मुलं वाजवायला बसली की हा खिडकीशी उभा. शनिवारी शाळा सुटल्यावर मात्र तो हळूच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, उजवीकडची शेवटची पट्टीपण तशीच अडकते. तिकडं तर कुणी गेलंच नाही अजून."

मी दाबून पाहिली. खरंच अडकत होती! आमच्या कुठल्याच गाण्यात एवढा वरचा सूर लागत नाही. जी पट्टी कुणी वाजवलीच नाही, ती कुणी मोडणार कशी?

मग आम्ही दोघांनी विजेरी तिरपी धरून पट्ट्यांच्या फटीत पाहिलं. दोन्ही पट्ट्यांच्या कडेला प्लॅस्टिकची केसासारखी पातळ कड राहिली होती आणि ती शेजारी घासत होती. ही कड आली कुठून? तुमच्या घरी साच्यातले मोदक करतात ना? साच्याच्या दोन पाळ्या जिथे मिळतात तिथे मोदकाला बारीक पापुद्रा सुटतो. आई तो बोटानं काढून टाकते. पट्ट्याही अशाच साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून घडवतात. कडेचा पापुद्रा कारखान्यात काढून टाकायचा असतो. आमच्या दोन पट्ट्यांचा राहून गेला होता. म्हणजे दोष जन्मापासूनचा होता, पोराचा नव्हता.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी त्या मुलाची माफी मागितली. दोष चारचौघांत दिला होता, म्हणून माफीही चारचौघांतच मागितली. खरं सांगते, जीभ जड झाली होती. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पुन्हा कीबोर्डपाशी बसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता त्या पट्ट्यांचं काय करायचं? मी ब्लेडनं खरवडायला निघाले होते. मुख्याध्यापकांनी हात धरला. "बाई, वॉरंटी कार्ड वाचलंत का? आपण उघडलं, खरवडलं, तर उद्या दुकानदार म्हणेल तुम्हीच बिघडवलं!"

बरोबर होतं त्यांचं. कीबोर्डच्या पोटात पेटीसारखे सूर किंवा भाता नसतो. प्रत्येक पट्टीखाली रबराची बारीकशी टोपी असते आणि तिच्या आत काळा, वीज वाहून नेणारा ठिपका असतो. पट्टी दाबली की ठिपका खालच्या पाटीला टेकतो आणि आतल्या चिपला कळतं, हा सूर वाजवायचा. हळू-जोरात ओळखणाऱ्या कीबोर्डमध्ये एका पट्टीखाली असे दोन ठिपके असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत जितका कमी वेळ, तितका आवाज मोठा. खरवडलेला कण तिथे जाऊन बसला, तर पट्टी मुकीच व्हायची!

मग आम्ही वही काढली. आधी वीज बंद ठेवून सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. वीज बंद असली की घासण्याचा, खडखडण्याचा आवाज नीट ऐकू येतो. मग वीज लावून तेच पुन्हा, हळू आणि जोरात. जे सापडलं ते तारखेसह लिहिलं. दोन पट्ट्या अडकतात. आवाजाचं बटण किंचित डगमगतं, पण काम नीट करतं. चार रबरी पायांपैकी एक पाय आलाच नाही.

दुकानदार आधी म्हणाला, "वापरता वापरता सुटतील हो पट्ट्या!" पण बिल आणि वही समोर ठेवल्यावर त्यानं कीबोर्ड ठेवून घेतला. बारा दिवसांनी दोन्ही पट्ट्या बदलून मिळाल्या. बटणाबद्दल आम्ही हट्ट धरला नाही. आणि चौथा पाय? तो मुलांनीच जुन्या स्लिपरचा तुकडा कापून बसवला. अजून टिकून आहे!

पालकांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. बिल जपून ठेवा. सदोष वस्तूबद्दल दाद मागण्याचा हक्क ग्राहकाला १९८६च्या कायद्यानं मिळाला. त्याच्या जागी २०१९चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२०पासून तो लागू झाला. दुकानदार दादच देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण त्याआधी घरातल्या पोराला "तूच मोडलंस" म्हणू नका. वस्तू एकदा नीट तपासा.

आणि मुलांनो, तुमच्या हातात एखादी वस्तू अडली, तर लपवू नका. लगेच सांगा. कुणी रागावलं, तरी त्या मुलासारखं पुन्हा जाऊन पाहा, विचार करा आणि पुन्हा सांगा. त्या शनिवारी तो माझ्याकडे आला नसता, तर पट्टी कदाचित दुरुस्त झालीही असती, पण तो मात्र खिडकीशीच उभा राहिला असता.

तुमची,
बाई