हिशेबासाठी पडदा निवडताना

नवा तराजू दुकानात आणला की आपण तो आधी पारखतो. प्रमाणित वजने दोन्ही बाजूंस घालतो, काटा मध्यावर स्थिर होतो की नाही ते पाहतो आणि मगच पैसे देतो. संगणकाचा मॉनिटर घेताना मात्र हीच सावध मंडळी इंच आणि किंमत एवढे दोनच प्रश्न विचारून घरी परततात. वास्तविक आज आपल्या व्यापाराचा सारा रोजमेळ त्या काचेतूनच वाचला जातो. गेल्या वर्षी हा विषय मला अंमळ खोलात जाऊन अभ्यासावा लागला. त्याचे कारण घरचेच होते.

आमचे थोरले बंधू गेल्यापासून शहाद्याच्या दुकानाचे सर्व हिशेब वहिनी पाहतात. भुसार मालाचा व्यवहार, त्यात खरेदीची बिले सुरतेपासून इंदूरपर्यंतची. चोपडीवर हात बसलेला असतानाही त्या वयाच्या पन्नाशीत टॅली शिकल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ३ चा ८ वाचला गेल्याच्या नोंदी तीनदा निघाल्या. पुतण्याने सुचविले की आता हे काम कर सल्लागाराच्या कार्यालयाकडे सोपवावे. सूचना काळजीपोटीच होती, पण वहिनी मला एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, डोळे दुबळे झालेत, हिशेब नाही.” त्या खुर्चीवरून त्यांना उठवणे म्हणजे काय, हे आम्हा सर्वांना कळत होते.

मी प्रथम नेत्रतज्ज्ञांना भेटलो. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवलेले साधे भिंग एकाच अंतरासाठी असते आणि बहुधा ते लांबचे पाहण्यासाठी निवडतात. जवळच्या वाचनासाठी मग चष्मा मिळतो, तो साधारण पस्तीस ते चाळीस सेंटिमीटरचा. मॉनिटर मात्र डोळ्यांपासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर असतो. म्हणजे तो या दोहोंच्या मधोमध सापडतो, ना लांबच्या नजरेत ना जवळच्या चष्म्यात. दुभागी चष्मा लावणारा माणूस पडदा वाचण्यासाठी हनुवटी वर करतो व संध्याकाळी मान धरल्याची तक्रार करतो, ती यामुळेच. डॉक्टरांनी सांगितले, खुर्चीत बसवून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून आणा. ते पासष्ट सेंटिमीटर भरले. त्या अंतराचा स्वतंत्र चष्मा झाला आणि अर्धे काम तिथेच झाले. उरलेले अर्धे पडद्याचे.

जुना मॉनिटर सतरा इंची, चौकोनी घाटाचा. त्याचे मूळ ठिपके आडवे १२८० आणि उभे १०२४. अक्षर मोठे दिसावे म्हणून कोणीतरी तो १०२४ बाय ७६८ वर लावून ठेवला होता. असे केले की संगणकाने पाठवलेला एक ठिपका पडद्याच्या सव्वा ठिपक्यावर ताणला जातो. अक्षर मोठे होते, पण त्याच्या कडा फुगतात आणि ३ ची उघडी बाजू बुजून तो ८ सारखा दिसू लागतो. त्यात मागचा दिवा जुना होऊन पिवळा पडलेला. दोष एकट्या डोळ्यांचा नव्हता, एवढे तरी निश्चित झाले.

आता रुंद पडद्याचे गणित. इंच हे कर्णाचे माप आहे, हे आपण विसरतो. जुन्या सतरा इंची पडद्याची उंची सत्तावीस सेंटिमीटर. साडेएकवीस इंची रुंद पडद्याची उंचीही जवळजवळ तेवढीच, रुंदी मात्र ३४ वरून ४८ सेंटिमीटरच्या आसपास जाते. कारण १६ : ९ हे प्रमाण चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरलेले आहे, खतावणीच्या सोयीने नव्हे. आपली पारंपरिक चोपडी लांबट असते, नजर वरून खाली उतरते. त्यामुळे रुंद पडद्यावर एकच खाते उघडले तर दोन्ही बाजूंस रिकामी पांढरी जागा पडून राहते आणि फायदा काहीच होत नाही. फायदा होतो तो दोन कागद शेजारी ठेवण्यात. चोपडीत सळ पाडून डावीकडे जमा व उजवीकडे नावे लिहिण्याची आपली रीत आठवावी. तसे डावीकडे बँकेचा उतारा, उजवीकडे बँक खाते. किंवा डावीकडे जीएसटीआर-२बी, उजवीकडे खरेदी नोंदवही. दर महिन्याच्या चौदा तारखेला २बी तयार होते आणि पुरवठादाराने बिल भरले नसेल तर त्याची करवजावट आपल्याला मिळत नाही. ही जुळवणी चौकोनी पडद्यावर खिडक्या आलटून-पालटून करणे म्हणजे दर ओळीला आकडा डोक्यात धरून ठेवणे. बँकेत पस्तीस वर्षे जुळवणीची कामे पाहिल्यावर मी खात्रीने सांगतो, चुका बेरजेत कमी होतात. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नजर नेताना अधिक होतात.

परंतु रुंद म्हणजे मोठे अक्षर, असे मुळीच नाही. साडेएकवीस इंची पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके बसवले की एकेक ठिपका पाव मिलिमीटरचाही राहत नाही; जुन्या सतरा इंचीवर तो ०.२६४ मिलिमीटर होता. म्हणजे पैसे देऊन अक्षर लहान करून आणायचे! चोवीस इंची (प्रत्यक्षात २३.८) पडद्यावर तोच ठिपका ०.२७५ होतो, सत्तावीस इंचीवर ०.३११. सत्तावीस इंचीत २५६० बाय १४४० ठिपक्यांचा उंची प्रकार मिळतो, त्यात तो ०.२३३ पर्यंत उतरतो. अक्षरे रेखीव दिसतात, पण विंडोजमध्ये ती सव्वापट-दीडपट वाढवून घ्यावी लागतात.

यातले वहिनींना कोणते योग्य? निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. पासष्ट सेंटिमीटरवर तो ०.१९ मिलिमीटर होतो. वहिनींची नजर चष्म्यासह ६/९, म्हणजे त्याच्या दीडपट, सुमारे ०.२८. चोवीस इंची पडद्याचा ठिपका नेमका तिथेच येतो. त्याहून बारीक ठिपक्यांसाठी जादा पैसे मोजून त्यांना काहीच जादा दिसणार नव्हते. पुतण्याच्या मनात सत्तावीस इंची वक्र पडदा होता, सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. खेळ खेळणाऱ्यास तो उपयोगी पडत असेल. खतावणीची ओळ काही पळत नाही.

शहाद्याला रेल्वे नाही, आणि मोठ्या निवडीसाठी नंदुरबार किंवा थेट सुरत गाठावी लागते. एकदा आणलेली वस्तू परत करणे म्हणजे पुन्हा दिवस मोडणे. म्हणून दुकानातच पारखायचे ठरवून मी पेन ड्राइव्हवर तयारी करून नेली : मागील वर्षीच्या खतावणीचे एक पान, पूर्ण काळे, पूर्ण पांढरे, तांबडे, हिरवे व निळे अशी सपाट चित्रे, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करड्या छटांची पायरी. दुकानांत सर्व पडद्यांवर समुद्र, पोपट आणि फुलबागा चालू असतात. त्या पाहून पडद्याची परीक्षा करणे म्हणजे मिठाई चाखून गव्हाची प्रत ठरवणे होय. दुकानदाराने थोड्या नाराजीने का होईना, पेन ड्राइव्ह लावू दिला.

काळ्या चित्रावर कोपऱ्यांतून पांढुरका प्रकाश झिरपतो का, ते पाहावे. थोडा सगळ्याच पडद्यांत झिरपतो, पण एकाच कोपऱ्यात चंद्र उगवल्यासारखा दिसू नये. पांढऱ्यावर डाग व पिवळे पट्टे कळतात. रंगीत चित्रांवर अडकलेला ठिपका चटकन सापडतो. याविषयी दुकानात आधीच विचारावे, कारण २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकाने दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन सतत उजळ व दोन सतत काळे ठिपके माफ केले होते. आजही एखाददुसऱ्या ठिपक्यासाठी पडदा बदलून मिळेलच असे नाही. करड्या पायरीवर सर्वांत फिकट दोन छटा एकमेकींत मिसळत असतील तर फिकट राखाडी अक्षरात छापलेले तपशील पुढे त्रास देतात. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. सरकते काळे पट्टे ठळक दिसले तर तो दिवा लुकलुकत उजेड कमी करतो, आणि काहींचे डोके त्याने दुखते.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा उभे राहून करायची. वहिनी बसून लिहितात, पुतण्या मागे उभा राहून पाहतो. टीएन जातीच्या पडद्यावर थोडे खालून वा वरून पाहिले की रंग उलटेपालटे होतात. व्हीए जातीत काळा रंग दाट, पण बाजूने पाहता फिकटपणा येतो. आयपीएसचा काळा तितका दाट नसतो, मात्र कोणत्याही बाजूने अक्षर तसेच राहते. आम्हाला दोघांनी मिळून पाहायचे होते, म्हणून आयपीएस. खोक्यावर कोटीला एक असे कॉन्ट्रास्टचे आकडे असतात, त्यांकडे लक्ष देऊ नये. ते दिवा कमीजास्त करून काढलेले असतात. त्याच पानावर ‘स्थिर’ म्हणून लिहिलेला हजारास एक किंवा तीन हजारांस एक हा आकडा खरा. नाव गाजलेले आहे म्हणून पडदा घ्यावा, असेही मला वाटत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत मला दोन कंपन्यांपेक्षा अधिक फरक दिसला.

अखेर चोवीस इंची, आयपीएस, चकाकी नसलेल्या पृष्ठाचा आणि वर-खाली होणाऱ्या स्टँडचा पडदा घेतला. स्टँडसाठी आठशे रुपये जास्त पडले, ते मी आग्रहाने दिले. दुभागी चष्म्याची सवय असलेल्यांना पडदा खाली उतरवता येणे फार सोयीचे असते. एकूण ११,८०० रुपये, त्यात १,८०० जीएसटी. बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर करून घेतले. ही करवजावट घ्यायची तर घसारा फक्त दहा हजारांवर काढावा लागतो, कराच्या रकमेवर नाही. कम्पोझिशन योजनेत असणाऱ्यांना ती मिळतच नाही. सोबत एचडीएमआय तार आहे ना, हे पाहावे. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए तारेने नव्या पडद्यावरही अक्षर धूसर येऊ शकते.

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते आणि वहिनी त्यानंतर हिशेबाला बसतात. त्यामुळे पाठीमागच्या ट्यूबलाइटची तिरीप पडद्यावर पडत असे. टेबल भिंतीकडून नव्वद अंशांत वळवले. कारखान्यातून आलेला उजेड डोळे दिपवणारा होता. शेजारी पांढरा कागद धरून, दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत तो खाली आणला. अक्षर सव्वापट केले, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेपेक्षा चार बोटे खाली आणली.

पहिल्याच चौदा तारखेला त्यांनी २बी डावीकडे व खरेदी नोंदवही उजवीकडे लावली. अर्ध्या तासाने पुतण्याला हाक मारून त्यांनी सुरतेच्या एका पुरवठादाराचे बिल दाखवले, ते उजवीकडे होते आणि डावीकडे नव्हते. त्याने मागे उभ्यानेच ते वाचले आणि फोन लावला. कर सल्लागाराच्या कार्यालयाचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. जुना मॉनिटर माळ्यावर आहे. त्याच्या दिव्यात पारा असल्याने तो भंगारवाल्याला देऊ नका, असे मी सांगून ठेवले आहे.