संगमरवराचा नमस्कार

बदलीच्या नोकरीत सामान थोडे असावे, हे आम्हांला पहिल्याच बदलीत उमगले होते. तरीही प्लास्टरची एक वीतभर व्हीनस पंधरा वर्षे आमच्याबरोबर गावोगाव हिंडली. १८२० साली ग्रीसमधील मेलॉस बेटावर सापडलेल्या आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या मूर्तीची ती प्रतिकृती. मूळ मूर्तीला हात नाहीत. आमच्या मूर्तीचे तंजावरला येताना मस्तकही गेले. "आता तुम्हांला दुसरे दैवत शोधायला हवे," एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.

दैवत शोधायला नव्हे, रविवार घालवायला आम्ही राजवाड्यातील कलादालनात गेलो. तेथे चोळकालीन पार्वती उभी होती. एका पायावर भार, कमरेला किंचित बाक, एक हात सैल सोडलेला. "अगदी व्हीनस!" आम्ही उद्गारलो, आणि लगेच ओशाळलो. मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून त्या जागी धातू ओतणाऱ्या चोळ कारागिराला ग्रीक गुरूची गरज नव्हती. नसलेली उसनवारी पाहण्याची खोड आमचीच.

खरी उसनवारी पुढे भेटली. दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) शुभ्र संगमरवरात उभे होते. मूर्ती इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याची. १७८७ ते १७९४ एवढा काळ इटलीत राहून त्याने प्राचीन मूर्ती अभ्यासल्या, होमरच्या महाकाव्यांवर चित्रे रेखाटली. महाराजांनी आपले गुरू श्वार्ट्झ यांचे स्मारकही त्याच्याकडूनच करविले. व्हीनस ज्या परंपरेतली, तिच्याच तालमीत फ्लॅक्समनचा हात तयार झालेला. त्या दगडातील संयम, ती निवांत उभी ठेवण ग्रीकांचीच. परंतु पोशाख महाराजांचा स्वतःचा, आणि दोन्ही हात छातीशी जोडलेले. दूरदेशीच्या कलेने आमच्या राजाला आकार दिला. त्याचा नमस्कार मात्र हिरावून घेतला नाही.

परमुलखात राहणाऱ्या आम्हां मंडळींना आपण पुसले जाऊ ही धास्ती सदैव असते. म्हणून आम्ही घरात पहारा ठेवतो. त्या रात्री धाकट्याने पानावर बसून 'सादम' मागितले. एरवी आम्ही "भात म्हण" असे टोकले असते. त्या दिवशी सौभाग्यवतींनी भात वाढला, त्यावर वरण घातले, आणि आम्ही गप्प राहिलो.