दाराबाहेर साचलेले दूध

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील जेनी आम्हां ख्रिस्ती प्रेक्षकांना आपल्याच धर्मग्रामातील मुलगी वाटली होती. ती भूमिका करणारी परवीन बाबी मात्र जुनागढच्या मुसलमान घराण्यातली. वडील लहानपणीच वारले. शिक्षण अहमदाबादेस, आधी माउंट कार्मेल शाळेत आणि पुढे येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. म्हणजे जेनी अगदीच परकी नव्हती.

मॉडेलिंग करता करता १९७३ साली ‘चरित्र’मधून ती पडद्यावर आली. ‘दीवार’ (१९७५) गाजला आणि १९७६ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले. त्या झगमगाटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

आम्हांला सलते ते पुढचे. तिला छिन्नमनस्कता जडल्याचे निदान झाले. ते तिने कधीच मान्य केले नाही. तिच्या सहवासातील अनुभवांवर महेश भट्ट यांनी ‘अर्थ’ (१९८२) काढला. एका हयात स्त्रीचे दुःख लोकांनी तिकीट काढून पाहिले, आम्हीही पाहिले. १९८३ साली ती देश सोडून गेली. १९८९ मध्ये परतली तेव्हा शरीर इतके स्थूल झाले होते की ओळख पटेना. नामवंत माणसे आपल्या जिवावर उठली आहेत, असे ती सांगे आणि वृत्तपत्रे ते करमणूक म्हणून छापीत. चहा पिता पिता आम्हीही हसलो असू.

जानेवारी २००५ मध्ये जुहूच्या तिच्या घराबाहेर दूध आणि वर्तमानपत्रे साचली. पोलिसांनी २२ तारखेला दार उघडले. मधुमेहाने पाय सडला होता. खाटेजवळ चाकांची खुर्ची होती.

अखेरच्या काळात आपण ख्रिस्ती झाल्याचे तिने स्वतः सांगितले होते. पंथ प्रोटेस्टंट, पण श्रद्धा तीच. नातलगांनी तिला जुहूच्या मुस्लिम दफनभूमीत आईशेजारी मूठमाती दिली. त्या दिवसांत ‘बाई कोणाची, आपली की त्यांची?’ असा वाद आमच्यातही हिरिरीने रंगला. तिच्या हयातीत तिच्यावर हक्क सांगायला कोणी पुढे आल्याचे आठवत नाही.

मधुमेह झाला की शेजारी विचारपूस करतात. मन आजारी पडले की घरचेच दार लोटून घेतात. ख्रिस्तप्रसाद घरी नेण्यासाठी केलेली आमच्या धर्मग्रामातील आजाऱ्यांची यादी परवा पुन्हा वाचली. त्यात मनोरुग्ण एकही नाही. घरे मात्र आम्हां सर्वांना ठाऊक आहेत.